ताऱ्याला लोळवणारी गादी

महाळुंगे पडवळच्या फाट्यावर समृद्धी जीपमधून उतरली, पिशवी खांद्याला अडकवली, मान वर केली आणि स्वतःचंच तोंड बघून तिला शिसारी आली.

भलामोठा फ्लेक्स होता. डावीकडं ती, कुणाच्याशा लग्नातली साडी नेसून, हात जोडून उभी. ते हात तिचे नव्हतेच. दुसऱ्या कुणाचे तरी आणून चिकटवलेले, बांगड्यांसकट. उजवीकडं निळी जाडजूड गादी आणि तिच्यातून निघालेले पिवळे बाण. वर लाल अक्षरांत, ‘चुंबक ताऱ्यालाही तारतो! सांगते आहे गावची शास्त्रज्ञ कन्या समृद्धी.’ खाली, ‘मग तुम्हाला का नाही? उद्या सकाळी दहा वाजता देवळात भव्य सत्कार व मोफत मार्गदर्शन.’ त्याखाली शुभेच्छुकांची डझनभर थोबाडं, निम्मी गॉगल लावलेली, आणि मधोमध सगळ्यांत मोठं भरतचं.

भरत तिचा आतेभाऊ, चार वर्षांनी मोठा, हल्ली या चुंबकाच्या गाद्या विकणारा. सत्कार आहे, ये, एवढंच त्यानं फोनवर सांगितलं होतं. गादीचं अवाक्षर काढलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, भरतनं पोरीला फसवलं. फसवलं तर खरंच. पण काडी कुणी लावली? हिनंच की! सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर हेडमास्तरांनी तिला शाळेत बोलायला उभं केलं. ही पुण्यात पीएच.डी. करते, आणि विषय कसला, तर मेलेल्या ताऱ्यांच्या टकरी. न्यूट्रॉन तारा म्हणजे मंचर ते नारायणगाव एवढ्याच पसाऱ्याचा गोळा, पण वजनाला सूर्याहून भारी. असे दोन गोळे एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळ येतात आणि एक दिवस दणकन आपटतात. त्या घिरट्यांनी आणि त्या दणक्यानं अवकाशालाच लाटा सुटतात, त्यांना म्हणायचं गुरुत्वीय लहरी. आपटल्यावर एकच मोठी गाठ उरते. ती तग धरते की कोसळून तिचं कृष्णविवर होतं, यात ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा मोठा हात असतो. हिचं काम म्हणजे कॉम्प्युटरवर ती टक्कर पुन्हा पुन्हा घडवून बघायची, दर खेपेला चुंबक थोडा कमी, थोडा जास्त. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्याचं गणित, पण ते करायला भल्या दांडग्या कॉम्प्युटरला महिना-महिना लागतो.

हे सगळं तिनं झ्याक सांगितलं. पण पहिल्या रांगेत बसलेले माजी सरपंच रखमाजीबाबा अशी जांभई द्यायला लागले की आतली दाढ दिसली. पोरं एकमेकांच्या पाठीत पेन्सिली खुपसायला लागली. तेव्हा हिनं घाईघाईनं गुंडाळलं, “थोडक्यात काय, चुंबकच त्या ताऱ्याला तारतो!” अशा टाळ्या पडल्या म्हणता! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. कारण तिच्या स्वतःच्या गणितातून बरोब्बर उलटं निघत होतं, आणि बोलताना ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण म्हटलं, महाळुंग्यात कोण तपासायला बसलंय? भरत मोबाईलवर शूटिंग करत होता, तिकडं तिचं लक्षच गेलं नाही.

घराच्या दारातच वास आला. साठवलेला कांदा आतून सडला की येतो तसला, गोडसर आणि घाण.

“आली गं माजी पोर, शास्त्रज्ञ!” साळुबाई आत्या बसल्या जागेवरनं ओरडली. बसली होती त्याच निळ्या गादीवर. समृद्धीची आई ती चौथीत असताना गेली, बाप चाकणला कंपनीत. विधवा होऊन माहेरी आलेल्या या आत्यानं आपल्या भरतबरोबर हिलाही वाढवलं. मंचरच्या कॉलेजात घालताना भावकी म्हणाली, पोरीला कशाला एवढं? तेव्हा आत्यानं भावकीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. तीच आत्या आता गालफाडं बसलेली, ओठ सुकलेले, उशाशी पाण्याची कळशी.

“पाय बघू,” समृद्धी म्हणाली.

“पायाला काय धाड भरलीय? बरा व्हतोय की.”

समृद्धीनं फडकं सोडलं. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम, मधे काळी, कडेनं पिवळी. आणि जखमेवर, अगदी जखमेवरच, चुंबकाची चकती बांधलेली. चकती उचलली तशी तिच्याबरोबर पुवाची तार वर आली. समृद्धी तोंडाला हात लावून मोरीकडं पळाली. मोरीत उभी राहून तिला आधी त्या पुवाची किळस आली, मग भरतची आली, आणि मग जिच्या तोंडचं एक वाक्य घेऊन हे सगळं उभं राहिलं होतं तिची आली.

इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात तशीच होती. आत्यानं अठरा दिवस सुई घेतली नव्हती.

“तूच म्हनलीस न्हवं, चुंबक ताऱ्याला तारतो,” आत्या म्हणाली. “रोज सकाळी मोबाईलवर बघती मी तुला. आभाळातल्या ताऱ्याला तारतो आन मला न्हाई व्हय? सुया टोचून टोचून पोटाची पार चाळण झाली व्हती. सुटले बाई. तुज्यामुळं सुटले.”

समृद्धीनं बोटाला टोचून शुगर मोजली. चारशे अठरा.

“त्या मशीनवर इश्वास ठिवू नको समू,” भरत आतून आला. हसतच आला. “गादीवरनं उठलं की दोन तास मशीन येड्यावानी दाखवतं. चुंबक अंगात खेळत असतो ना! कंपनीच्या मीटिंगला सांगत्यात तसं.”

“दादा, आत्याच्या पायात पू झालाय.”

“घाण भाईर पडतीय ती. पंधरा दिस लई पडती, मंग साफ.”

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो लबाड असता तर किती बरं झालं असतं. लबाडाला चारचौघांत तोंडावर पाडता येतं. हा स्वतः त्याच गादीवर झोपत होता, लेकीला झोपवत होता. पाठ करून आलेलं सगळं त्याला खरंच वाटत होतं, आणि त्यातली सगळ्यांत खरी वाटणारी गोष्ट म्हणजे समृद्धी.

तिनं मंचरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आत्ता आणा. नाहीच जमलं तर उद्या दुपार ओलांडू देऊ नका. पाय जाईल, आणि पायावर निभावलं तर नशीब समजा.

पण आत्या उठेल तर शपथ! “उद्या माज्या पोरीचा सत्कार, आन मी दवाखान्यात जाऊन निजू? गावात त्वांड दाखवायचंय मला.” समृद्धीनं पाया पडून बघितलं, रडून बघितलं, शेवटी आवाज चढवून बघितला. आत्यानं भिंतीकडं तोंड केलं. मग समृद्धीनं मनाशी ठरवलं की ज्या गावासमोर खोटं बोलले त्याच गावासमोर खरं सांगायचं. गावानं मानलं की आत्या मानेल, आणि देवळातनंच तिला उचलून मंचरला न्यायची. हे तिला फार शहाणपणाचं वाटलं. शिकलेल्या माणसाला असं वाटतंच, की खरं नीट सांगितलं म्हणजे झालं.

सकाळी देवळाचा सभामंडप भरला. आत्या पुढं खुर्चीवर, पायाला नवं फडकं. स्टेजवर देवाच्या फोटोशेजारी गादी उभी करून ठेवलेली, तिलाही हार. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. फेटा भरतच्या मापाचा होता, तो समृद्धीच्या भुवयांवर येऊन बसला. तिनं तो काढून ठेवला आणि माईक धरला.

“जानेवारीत मी तुमच्यापुढं खोटं बोलले,” तिनं सुरुवातच अशी केली.

कुजबुज थांबली.

“चुंबक ताऱ्याला तारत नाही. टक्कर होईस्तवर तर चुंबकाला कुत्रं विचारत नाही. तारे घिरट्या घालताना ज्या लहरी निघतात त्यांत चुंबक असला काय न् नसला काय, फरक जवळपास दिसतच नाही. त्याचा खेळ सुरू होतो आपटल्यावर. जी गाठ उरते ना, ती तिच्या गरगर फिरण्यावर उभी असते. आतला भाग जोरात फिरतो, बाहेरचा हळू. फिरते म्हणूनच ती स्वतःच्या वजनाखाली दबत नाही. आणि चुंबक काय करतो? आतल्याला बाहेरच्याशी बांधून टाकतो, रबरानं बांधावं तसा. बाहेरचा हळू, तो आतल्याला मागं खेचतो. आतल्याचा वेग गेला की आधार गेला. गाठ कोसळते, कृष्णविवर होतं, लहरी विझतात. माझ्या गणितात जितका जबर चुंबक, तितकी गाठ लवकर गेली. वर, आपटल्यानंतरच्या लहरींचा सूरसुद्धा तो बदलतो. उद्या कुणी ते ऐकलं तर त्याला वाटेल, तारा भलत्याच मालाचा होता. तेव्हा चुंबक बुडवतो, वर फसवतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही जांभया द्यायला लागलात म्हणून मी सोपं करून, उलटं करून सांगितलं.”

रखमाजीबाबा सरसावून बसले होते. जांभईचं नाव नाही.

“आणि या सगळ्याचा माणसाच्या शुगरशी काडीचा संबंध नाही,” ती म्हणाली. “या गादीतल्या चकतीला लोखंडाचा खिळा धड चिकटत नाही. ज्यांनी औषधं सोडलीत त्यांनी आजच्या आज चालू करा. माझ्या आत्याचा पाय सडलाय. तुमच्या पाया पडते.”

भरत खांबाला टेकून उभा होता, त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. समृद्धीला वाटलं, झालं. पोचलं.

रखमाजीबाबा काठीवर जोर देऊन उठले. “बाळ, येक इचारू का? त्यो तारा म्हंजी सूर्यापरीस वजनदार म्हनलीस ना?”

“हो बाबा.”

“आन त्येला चुंबक लोळवतो?”

“लोळवतो म्हणजे... हो. पण बाबा...”

“आगं बाबो!” रखमाजीबाबा मागं वळून गावाला म्हणाले. “सूर्यापरीस वजनदार गडी लोळवतो रं त्यो!”

आणि तेवढ्यात भरतच्या डोक्यात उजेड पडला. तिला तो पडताना दिसला. तीन ढांगांत तो स्टेजवर आला आणि तिच्या हातातला माईक घेऊन ओरडला, “ऐकलं का मंडळी? ताऱ्याला लोळवतो, तिथं शुगर काय चीज हाय! आन समू म्हनली ते बराबर हाय, लई जबर चुंबक वाईटच. म्हनून तर कंपनीनं हलका बसवलाय, मानसाला झेपंल असा. खिळा बी चिकटत न्हाई, बघा!”

टाळ्या! जानेवारीच्या दुप्पट टाळ्या. बाया गादीला हात लावून बघायला लागल्या. आत्या खुर्चीवरनं गावाकडं वळून वळून बघत होती, माझी पोर, माझी पोर म्हणत होती. समृद्धी शाल पांघरून तशीच उभी राहिली. तिला त्या माणसांची घाण वाटली, त्यांच्या आनंदी तोंडांची, खोबऱ्याच्या वासाची, त्या हार घातलेल्या गादीची. लहानपणी ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो त्या माणसांची घाण वाटावी, याचीही तिला घाण वाटली.

एकटी धोंडाबाई टाळ्या वाजवत नव्हती. शेजारचीच ती. नवरा गेणभाऊ, त्याच्या अंगावरून गेल्या दिवाळीत वारं गेलेलं, त्याच्यासाठी तिनं आठवड्यापूर्वीच गादी नेली होती. ती गर्दीतनं वाट काढत स्टेजपाशी आली आणि समृद्धीचा हात धरून हळूच म्हणाली, “पोरी, ह्यांना कळू न कळू. मला कळलं. गादी आजच परत आनून टाकती. आमच्या ह्यांच्या गोळ्या न्हाई बंद करीत.”

एवढ्या गावात एक. समृद्धीनं तिचा हात दाबला, आणि अर्धा तास तेवढ्याच आधारावर ती उभी राहिली.

घरी आल्यावर आत्याला उलटी झाली. मग दुसरी. कळशीतलं पाणी गटागटा पिऊन तिसरी. डोळे मिटायला लागले. श्वास मोठमोठ्यानं चालला होता आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास मारत होता. बारा वाजायला आले होते.

“आत्या, चल. रिक्षा बोलावते.”

“न्हाई.”

“आत्या, मरशील गं!”

“गावापुढं तू मानलंस, चुंबकात ताकद हाय म्हून. मी सुई घेनार न्हाई. मी गादीवर मरंन, पन सुई न्हाई.”

“दादा, तू सांग की!” समृद्धी किंचाळली.

भरत कोपऱ्यात उभा होता. आईच्या उलटीकडं बघून त्याची बोबडी वळली होती. पण सांगणार काय? गादी खोटी म्हणाला असता तर तो स्वतःच उरला नसता. “पंधरा दिस तरास व्हतो...” तो पुटपुटला.

समृद्धी आत्याच्या उशाशी बसली. खरं सांगून झालं होतं. खऱ्याचं काय होतं ते तिनं देवळात बघितलं होतं. मग तिच्या तोंडातनं असा शांत, शिकवल्यासारखा आवाज निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना.

“आत्या, तुला कुणी नीट सांगितलंच नाही. गादी चालते, पण इन्सुलिनवर चालते. अंगात इन्सुलिन असलं तरच चुंबकाला पकडायला जागा मिळते. नाहीतर तो नुसताच फिरत बसतो. आणि जखमेत पू असला की उलटा फिरतो. म्हणून उलट्या होतायत तुला. डॉक्टरकडनं पाय साफ करून, सलाईन लावून, सुई चालू करून आलीस, की मग गादी लागू पडेल.”

आत्यानं डोळे उघडले. “हे तू शिकलीस तिकडं?”

“तेच शिकले.”

“मंग आधी सांगायचं न्हाई व्हय गं भवाने!” आत्या हातावर जोर देऊन उठायलाच लागली. “अठरा दिस गादी फुकट गेली की माजी! भरत, रिक्षा बोलीव.”

भरतनं असा सुस्कारा सोडला की त्याचे खांदे पडले. “म्हंजी दोनी लागतंय व्हय? कंपनीनं हे सांगितलंच न्हाई बघ,” म्हणत तो पळाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. समृद्धीला त्याची दया यायला हवी होती. तिला उलटीच आली, कोरडी.

दोघांनी मिळून आत्याला ओट्यावर आणली. परवेजची रिक्षा दारात लागलेली. ओट्याच्या भिंतीला निळी गादी टेकवून धोंडाबाई उभी होती, नुकतीच डोक्यावरनं उतरवल्यामुळं धापा टाकत.

“ही घ्या तुमची गादी,” ती भरतला म्हणाली.

आत्याचा एक पाय रिक्षात, एक बाहेर. ती तशीच थांबली. “अगं धोंडे, येडी का खुळी? परत कशाला करती? गादी एक नंबर हाय. फकस्त दवापान्याबरुबर घ्यायची. आत्ताच समू म्हनली मला. इचार तिला.”

धोंडाबाईनं समृद्धीकडं बघितलं. “खरं का गं पोरी?”

आत्याही बघत होती. रिक्षाच्या दांडीला धरलेला तिचा हात अजून सुटला नव्हता, आणि बाहेरचा पाय अजून बाहेरच होता. खोटी आहे म्हटलं असतं तर ती त्या पायावर परत घरात गेली असती. हे समृद्धीला लख्ख दिसत होतं. धोंडाबाईला डोळ्यांनी खुणवावं म्हटलं तर आत्याची नजर तिच्या तोंडावरनं हलत नव्हती.

“खरी आहे काकू,” समृद्धी म्हणाली. “पण भाऊंच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. काही झालं तरी.”

“मंग मगाशी देवळात काय बोलत व्हतीस?”

समृद्धीनं खाली वाकून आत्याच्या पायाचं फडकं नीट केलं.

“म्हंजी समद्या गावात येकली मी तुजं ऐकलं,” धोंडाबाई सावकाश म्हणाली, “आन मीच येडी ठरले.”

आत्यानं पाय आत घेतला. समृद्धी तिच्या शेजारी बसली, तो घाण पाय उचलून मांडीवर घेतला आणि परवेजला चल म्हणाली. धोंडाबाईनं भरतला हात लावायला सांगून गादी पुन्हा डोक्यावर चढवली आणि ती आपल्या घराकडं निघाली. रिक्षा तिच्या अगदी शेजारून गेली, तरी समृद्धीनं तिला थांब म्हटलं नाही.